उरलेली चुन्याची माती

रविवार, संध्याकाळ. सातपूर

पिंपळगावहून आलो. आईनं दिलेली कढीपत्त्याची जुडी अजून ओट्यावरच आहे. तिला रबर लावलंय.

आईच्या खोलीची फरशी यंदा जागची हलली नाही. खालची काळी माती पावसात फुगायची, फरशी उचलून दार अडायचं, उन्हाळ्यात माती भेगाळायची, म्हणून गेल्या वर्षी खोली उकरून मातीत चुना मिसळला, पाणी मारून मुरू दिली आणि धुम्मसानं ठोकून घेतली. रस्त्याच्या कामावर आम्ही हेच करतो. इथवर ठीक होतं. पण उरलेली माती टाकून द्यायचं जिवावर आलं. अंगणात चिखल होतो म्हणून तिथंच पसरली, थेट कढीपत्त्याच्या बुडापर्यंत. चुना झाडाला मानवत नाही, हे मला माहीत नव्हतं का? होतं की! पण तेव्हा नुसता चिखल दिसत होता.

आज बघतो तर झाडाच्या वाळक्या काटक्या उरल्यात.

"वय झालं व्हतं त्याचं," आई म्हणाली. "तू नको मनाला लावून घेऊ. दार बघ, आता एका बोटानं लागतंय."

कसलं वय? मी नोकरीला लागलो तेव्हा तिनंच लावलेलं झाड ते.

निघताना नेहमीसारखी भरलेली पिशवी हातात दिली. आत काय आहे ते मी पाहिलंही नाही. घरी येऊन उघडली, तर वरच कढीपत्ता.

आमच्या झाडाच्या डहाळ्यांना रबर कधीच नसायचं. मी यायच्या आधी आई बाजारात जाऊन आली होती.