आमच्या फियाटचे आपोआप लागणारे दिवे

रविवार, ६ ऑक्टोबर १९९१
टोरांटोहून मेहुण्याचं, उत्तमचं, पत्र. लिहितो, तिकडे आता नव्या गाड्यांना भर दुपारीही पुढे दिवे लागलेले असतात. सरकारी कायदाच आहे. इंजिन सुरू केलं की दिवे मंद लागतात, बंद केलं की विझतात. गाडी लांबून दिसते, अपघात कमी होतात. शिवाय काही महागड्या गाड्यांत अंधार पडला की मोठे दिवे आपले आपण लागतात, बटणाला हात लावावा लागत नाही. शेवटी लिहिलंय, 'श्रीपादराव, हे ठाण्याला पोचायला अजून वीस वर्षं.'

वीस वर्षं? दसऱ्याला लावून दाखवतो.

सोमवार, ७ ऑक्टोबर
योग बघा. फॅक्टरीत नोटीस लागली. आमचे मॅनेजर कर्णिकसाहेब डेव्हलपमेंट सेक्शनसाठी एक माणूस घेणार आहेत. ज्याच्याकडे स्वतःची कल्पना असेल त्याने डिसेंबरअखेर चालू स्थितीत दाखवावी. बावीस वर्षं वागळे इस्टेटच्या या स्विच फॅक्टरीत स्टोअर्समध्ये बसून दुसऱ्यांनी काढलेली बटणं मी खोक्यांत भरतोय. आता पुरे.

सुमतीला सांगितलं. ती म्हणाली, छान आहे, पण आधी गाडीचा हॉर्न दुरुस्त करा.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
दिवसाचे दिवे तयार. युक्ती साधी आहे. दोन्ही दिवे एकापुढे एक जोडले की बारा व्होल्ट दोघांत वाटले जातात, म्हणून दोघेही मंद जळतात. माजिवड्याच्या भिवाजी कोळ्याने वायरिंग केलं. हा आमचा ऑटो-इलेक्ट्रिशियन, हात चांगला, कल्पनाशक्ती कमी. म्हणाला, 'साहेब, आपल्या उन्हान ह्यो दिवा कोन बघतंय? तिकरं सूर्यच मरगललेला असंल.'

त्याची आई मनुबाई गॅरेजच्या दारातच म्हावऱ्याची पाटी घेऊन बसते. गाडी बाहेर काढताना तिने विचारलं, कुनाची वरात हाय?

शनिवार, १२ ऑक्टोबर
वर्तकनगर ते माजिवडा आणि परत. मूठ उघडून-मिटून 'दिवा चालू आहे' असं खुणावणारे: ३१. पैकी रिक्षावाले १४, पोलीस १, शाळेची अख्खी बस धरून १. भिवाजी म्हणतो दिवा दिसत नाही. मग ही एकतीस माणसं काय बघत होती? प्रयोग यशस्वी.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
खुणा करणाऱ्यांचा आकडा वाढतोय. प्रत्येकाला मान हलवून 'मुद्दाम, मुद्दाम' सांगताना माझीच मान धरली. पुढच्या काचेला पुठ्ठा लावला: 'दिवे मुद्दाम चालू आहेत. कृपया हात करू नये.'

बुधवार, १६ ऑक्टोबर
पुठ्ठा वाचायला एक रिक्षावाला इतका जवळ आला की बंपरला घासला. पुठ्ठा काढला. अक्षर लहान झालं होतं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
सकाळी बॅटरी ठार. दिवे किल्लीशी न जोडता मी थेट बॅटरीला जोडायला लावले होते आणि काल स्विच बंद करायचा विसरलो, त्यामुळे रात्रभर जळत राहिले. भिवाजी म्हणतो, मी तवाच बोललो व्हतो. बोलला असेल. स्पष्ट बोलायला हवं होतं. दिवसाचे दिवे तूर्त सोडवून टाकले.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर. दसरा
मुख्य शोध आज बसवला. हरभऱ्याच्या डाळीएवढा एक डोळा असतो. उजेड असला की त्यातून करंट सहज जातो, अंधार झाला की अडतो. अडला की ट्रान्झिस्टर जागा होतो, तो रिले ओढतो, रिले 'टक' म्हणतो आणि मोठे दिवे लागतात. डोळा पुढच्या जाळीत लावला.

दुपारी साडेबाराला सुमतीने गाडीची पूजा केली, झेंडूचा हार घातला. टक. दिवे लागले. हार नेमका डोळ्यावर आला होता. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही तसंच ठरलं होतं असं दाखवलं.

शनिवार, ९ नोव्हेंबर
सुमतीच्या माहेरी कल्याणला निघालो, मुद्दाम संध्याकाळी. कशेळीच्या पुलावर अंधारून आलं आणि दिवे लागले. काय सांगू, ऊर भरून आला.

कोन गावाजवळ पुढे एक ट्रक. त्याच्या मागच्या पांढऱ्या पत्र्यावर आमचाच उजेड पडून परत डोळ्यात आला. डोळ्याला वाटलं सकाळ झाली. दिवे बंद. मग अंधार, दिवे चालू. मग सकाळ. दुर्गाडीच्या पुलापर्यंत मिनिटाला चाळीस वेळा. समोरून येणाऱ्या टँकरवाल्याला वाटलं मी त्याला काही सांगतोय. तो गोंधळून आमच्या बाजूला आला आणि अगदी शेवटी वळला. जाताना बरंच बोलला, हिंदीत.

सुमती कल्याणला पोचेपर्यंत दाराची मूठ घट्ट धरून बसली होती. तिला तांत्रिक अडचणी समजत नाहीत.

सोमवार, ११ नोव्हेंबर
गाडी भिवाजीकडे. डोळा काढून डॅशबोर्डवर, आकाशाकडे तोंड करून लावायला सांगितलं आणि कामावर गेलो. संध्याकाळी कळलं, सुमती दुपारी तिकडेच मनुबाईकडे बोंबील घ्यायला गेली होती आणि तासभर बोलत उभी होती. बोंबलांवर तासभर काय बोलतात कोण जाणे.

बुधवार, १३ नोव्हेंबर
गाडी आली. भिवाजी म्हणाला, 'आता फिट हाय. पन साहेब, कालोखाचे एकले नका फिरू.' माझ्या जिवाला आता महत्त्व आलंय हे त्यालाही कळलेलं दिसतं.

शनिवार, १६ नोव्हेंबर
कल्याण. दिवे लागले ५.५८ ला. पंचांगातला सूर्यास्त ६.००. वाटेत वडाची दाट सावली आली, फसले नाहीत. कोनला पुढे ट्रक, लुकलुकले नाहीत. टोरांटोचं यंत्रसुद्धा इथे फसलं असतं.

सुमती पर्स मांडीवर घेऊन पुढे वाकून बसते. म्हटलं आरामात बस. म्हणाली, अशीच बरी. दिवे लागले तसा तिने नमस्कार केला. घरी देवापुढे दिवा लावून करते तसाच. विज्ञानात हे बसत नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर
परतताना पुन्हा अचूक. आज नमस्कारासाठी तिचा एक हात दिव्यांच्या किंचित आधीच वर आला. सवय.

गुरुवार, २१ नोव्हेंबर
एकटा होतो. दिवे लागले नाहीत. हाताने लावावे लागले. का?

रविवार, २४ नोव्हेंबर
सुमतीबरोबर: लागले. काल एकटा: नाही. आज पुन्हा तिच्याबरोबर: लागले. कारण सापडलं. डाव्या सीटवर वजन पडलं की बॉडी दबते आणि अर्थिंग पक्कं होतं. कर्णिकसाहेबांना सांगायला सुंदर मुद्दा आहे.

मंगळवार, २६ नोव्हेंबर
डाव्या सीटवर कोलमची पन्नास किलोची गोणी ठेवून फिरलो. लागले नाहीत. तांदूळ कोरडा, त्यातून करंट जात नाही. जिवंत माणूसच हवा.

गुरुवार, २८ नोव्हेंबर
हेमाला नेलं. मुलीने कॉलेजचा अभ्यास आहे म्हणून बरीच कुरकुर केली. लागले नाहीत. मग लक्षात आलं, तिच्या पायात रबरी स्लिपर होत्या आणि सुमतीच्या पायात चामड्याच्या चपला असतात. घरी येऊन हे समजावून सांगितलं तेव्हा हेमाने आईकडे बघितलं आणि आई वरण ढवळायला आत गेली. वरण आधीच उतरवलेलं होतं.

शनिवार, ७ डिसेंबर
दुपारी कल्याणला लग्नाचं जेवण. येताना सुमतीला डुलकी लागली. कशेळीला पूर्ण अंधार, तरी दिवे नाहीत. मी मोठ्याने 'अरेच्चा' म्हटलं. ती दचकून जागी झाली आणि त्याच क्षणी दिवे लागले. म्हणजे रिले अडकला होता, आवाजाच्या कंपनाने सुटला. नोंद ठेवली.

सोमवार, ९ डिसेंबर
कर्णिकसाहेबांची वेळ मिळाली. शुक्रवार, २० तारीख, संध्याकाळी साडेपाच. स्वतः गाडीत बसणार. साहेब नव्वद किलोचे, आणि त्यांचे बूट मी नीट पाहून घेतले. अस्सल चामडं.

बुधवार, १८ डिसेंबर
सुमती म्हणाली, मीपण येऊ का शुक्रवारी? म्हटलं, ऑफिसचं काम आहे, बायको घेऊन कसा जाऊ? ती म्हणाली, मागे बसेन. पुढे बसलं तर बरं, पण मागेही चालेल. मग म्हणाली, मला तुमच्याशी जरा बोलायचंय. मी तेव्हा भाषणाची तयारी करत होतो. शुक्रवारनंतर बोल म्हटलं.

गुरुवार, १९ डिसेंबर
स्टोअर्समधलं टेबल आवरलं. विश्रामला, माझ्या असिस्टंटला, किल्ल्यांचा जुडगा देऊन ठेवला. तो म्हणाला, टिपणीससाहेब, तुमच्याशिवाय इथे करमणार नाही. मलाही जरा भरून आलं. बावीस वर्षं म्हणजे कमी नाहीत.

शुक्रवार, २० डिसेंबर. रात्री साडेनऊ
लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो.

साहेब पुढे बसले. उंच माणूस, गुडघे डॅशबोर्डला टेकत होते. माजिवड्यापर्यंत मी सिद्धांत सांगितला. डोळा, ट्रान्झिस्टर, रिले, चामडं. सहा वाजले. सहा पाच. आजूबाजूच्या सगळ्यांचे दिवे लागले. लोक मला मूठ उघडून-मिटून खुणावू लागले, या वेळी दिवे लावा म्हणून.

बाळकूमला खड्डा आला, गाडी उडाली, दिवे लागले. मी म्हटलं, बघा साहेब. पुढच्या खड्ड्याला विझले. तिसऱ्याला पुन्हा लागले. साहेबांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. गुडघा चोळत खाली वाकले, डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली हात घातला आणि म्हणाले, टिपणीस, हे बटण कसलं?

दाबलं. दिवे बंद. दाबलं. चालू.

ते बटण आमच्याच फॅक्टरीतलं होतं.

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग विचारलं, तुमच्या शेजारी एरवी कोण बसतं? मी सांगितलं. म्हणाले, वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांना सोडून घरी आलो.

सुमतीने पोळी वाढता वाढता सगळं सांगितलं. कोनच्या टँकरने तिचा जीव घाबरा झाला होता. रात्रभर झोपली नव्हती. म्हणून भिवाजीला सांगून तो डोळा सोडवून टाकला आणि आपल्या बाजूला बटण लावून घेतलं. तिन्हीसांजा झाल्या की दाबायचं. घरचा दिवा पंचवीस वर्षांत कधी चुकला नाही, त्यात हा एक आणखी. मला आधी का सांगितलं नाहीस, विचारलं. म्हणाली, तुम्ही रोज जेवताना त्याबद्दल इतकं छान बोलत होतात. बुधवारी सांगणार होते.

आधी रागावलो. मग स्वतःचीच लाज वाटली. मग आणखी एक पोळी घेतली.

शनिवार, २१ डिसेंबर
शांतपणे विचार केला. तत्त्व चुकलेलं नाही. अंधार ओळखणारा अवयव डाळीएवढा हवाच असं कुठे आहे? सावलीला फसत नाही, ट्रकला फसत नाही, बॅटरी खात नाही. बटण आहे तिथेच ठेवायचं ठरवलं. उत्तमला पत्र: 'आमच्या गाडीचे दिवे गेला महिनाभर आपोआप लागत आहेत.' यात खोटं काही नाही. मला तरी कुठे काही करावं लागतं?

गुरुवार, २ जानेवारी १९९२
डेव्हलपमेंटमध्ये दुसऱ्याच कोणाला घेतलं. विश्रामने किल्ल्यांचा जुडगा परत दिला. त्याने तो घासून चकचकीत केला होता.

शनिवार, ११ जानेवारी
कल्याण. ६.१५ ला दिवे. तिने नमस्कार केला. स्टिअरिंगवरचा एक हात काढून मीही केला. बरं वाटलं.

शुक्रवार, १७ जानेवारी
सुमती हळदीकुंकवासाठी चार दिवस माहेरी. सकाळी एसटीने गेली. मी एकटा. मजा आहे. ठरवलं: रोज लवकर उठणे, हॉर्न दुरुस्त करणे.

त्याच दिवशी, रात्री आठ
माजिवड्याला हवालदाराने अडवलं. म्हणाला, एवढा काळोख झालाय, दिवे का नाही लावले? माझ्या तोंडून निघून गेलं, ती कल्याणला गेली आहे.

त्याने पावतीपुस्तक मिटून खिशात ठेवलं. मग म्हणाला, जा, सावकाश जा.

उद्या दिवसाउजेडी कल्याणला जाऊन तिला घेऊन येणे.