काय बोलला गो तो?

बुधवार, दिवेलागण. टोकावडे

रिमोट आबांच्या मांडीखाली. सासऱ्यांकडून मागू कसा? आणि मागून सांगू काय? टीव्हीवरचं ते इंग्रजी कार्टून मोठ्यांचं आहे, त्यातला जाड्या बाप बायकोशी नको ते बोलतो, हे सुनेने कुठल्या तोंडाने सांगायचं? आबांच्या लेखी कार्टून म्हणजे पोरांचं. म्हणूनच आज माझ्या पाचवीतल्या सईला हाक मारून शेजारी बसवलं.

जाड्या धपकन पडला की आबा खो खो हसतात. इंग्रजी कळत नाय, म्हणून दर वाक्याला मला विचारतात, "काय बोलला गो तो?" सून ग्रॅज्युएट, त्याचं केवढं कौतुक! मी भाजी निवडत खोटंच सांगत राहिले. गाडी बिघडली म्हणतो. पाहुणे येणार म्हणतो. उठून का नाय गेले? गेले असते तर सई एकटी ऐकत बसली असती. आणि रिमोट तिथेच, मांडीखाली.

मधेच सई म्हणाली, "आई, तो असं नाय बोलला."

माझे हात थांबले. मुरबाडच्या इंग्रजी शाळेत तिला हट्टाने घातलं ते मीच.

आबा वळले. "मग तू सांग. काय बोलला?"

सईने एकदा माझ्याकडे बघितलं.

"भूक लागली म्हणतो, आबा."