एक खिडकी लावून यायचं

पप्पा, परवा मीटिंगमध्ये मी सहा आठवडे म्हणाले आणि सहावरच अडून बसले. नव्या ॲपच्या कामाला मॅनेजरला तीनच हवे होते. टीम लीडची जागा मला मिळणार हे जवळपास ठरलेलं, म्हणून तो गोडीत समजावत होता. "क्लायंटला तीन सांग ना. लॉगिनची स्क्रीन वेळेत दाखवू, मग तो कुठे जातोय?" मला हसूच आलं. अगदी तुमचं वाक्य हो! हाटकेश भागातल्या आपल्या गाळ्यात ग्रिलची ऑर्डर घेताना तुम्ही हेच करायचात. आठ खिडक्यांचं काम, चार दिवसांचा वायदा, आणि चौथ्या दिवशी एकच खिडकी लावून यायचं. एक लागली की गिऱ्हाईक अडकलं. मग फोन मी उचलायचा, "पप्पा बाहेर गेलेत." तुम्ही समोर वेल्डिंग करताय, ठिणग्या उडतायत, आणि बारा वर्षांची मी बाहेर गेलेत म्हणतेय.

एकदा एका बाईंना खरं सांगून टाकलं. "काकू, अजून सळ्यासुद्धा कापल्या नाहीत. दहा दिवस लागतील." त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, घरात रांगतं मूल. त्यांनी ऑर्डर काढून घेतली. तुम्ही हातोडा आपटलात. "मोठी आली हरिश्चंद्र! तुझ्या खरेपणावर चूल पेटणार आहे?"

तेव्हा मी रडले होते. आता नाही रडणार. ते मूल उघड्या खिडकीशी खेळत होतं, पप्पा, आणि तुम्हाला गिऱ्हाईक तेवढं दिसत होतं. माझ्या टीममधल्या चौघांनी तीन आठवडे घरदार सोडून मरमर केली असती, ते मॅनेजरलाही दिसत नव्हतं. चूल तुम्ही पेटवलीत, मान्य. पण खोटं माझ्या तोंडून वदवलंत, ते मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

"मग लीड दुसऱ्याला देतो," मॅनेजर म्हणाला. "खुशाल द्या," म्हटलं. दिलंच त्याने. पुन्हा विचारलं तरी मी सहाच सांगेन.

आज संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. "काय गं, बढतीचं काय झालं?"

"पुढच्या आठवड्यात कळेल," मी म्हटलं. फोनवर लागायचा ना, तोच आवाज लागला माझा.