सेर्रोच्या पलीकडे मेले तर

मी, सोराईदा उमान्या फाल्लास, ओतोनिएल बार्रांतेस यांची विधवा, वय वर्षं एकाहत्तर, राहणार सान इसिद्रो, बाजारामागची गल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप बिघडली आहे, पण झडपेने कोणी विचार करत नाही, हे वकीलसाहेबांनीही मान्य केलं आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. उलट माझी मुलगी मारिसेल हिने "आई, कसलं अभद्र लिहीत बसलीस!" म्हणून माझं पेन लपवून ठेवलं होतं. हे पेन शेजारच्या एल्मिराचं आहे.

येत्या एकोणीस तारखेला राजधानीत माझ्या झडपेचं ऑपरेशन आहे. राजधानीला जायचं तर सेर्रो ओलांडावा लागतो. त्या डोंगराचं पुरतं नाव 'मरणाचा डोंगर', आणि नाव ठेवणाऱ्याने काही थट्टा केलेली नाही. मारिसेल, जावई वॉल्तेर आणि माझा नातू तादेओ असे सगळे माझ्याबरोबर येणार आहेत, कारण तादेओ अजून अंगावर पितो.

मी घाबरट बाई आहे. मला ऑपरेशनची भीती वाटते, त्याहून जास्त रस्त्याची वाटते, आणि सगळ्यात जास्त तादेओची वाटते. तो नऊ महिन्यांचा आहे. त्याला दात दोन, आणि तोंडात घालण्याजोग्या वस्तू जगात असंख्य. मी तोंड उघडलं की घरात "झालं हिचं सुरू" म्हणतात. मेलेल्या माणसाचं म्हणणं मात्र कोर्टसुद्धा उभं राहून ऐकतं असं वकीलसाहेब म्हणाले, म्हणून हा कागद.

१. माझं राहतं घर, मागचं आवार आणि त्यातलं अवोकाडोचं झाड मारिसेलला द्यावं. ती तिथेच राहते, त्यामुळे कोणाला हलावं लागणार नाही. पायरीजवळची फरशी सुटलेली आहे, ती वॉल्तेरने बसवावी. तीन वर्षं "या रविवारी नक्की" असं ऐकते आहे. आता पोर रांगतं.

२. ओतोनिएलचा निळा पिकअप. जन्मभर माझ्या नवऱ्याने या गाडीतून डोंगरापलीकडे कोबी आणि बटाटे नेले. पुढे एकच लांब बाक, मागे माल. मालाला तो इतका जपे की दोरी तीनदा ओढून बघितल्याशिवाय किल्ली फिरवत नसे. म्हणे, "सोराईदा, न बांधलेला माल ब्रेक मारल्यावर गाडीच्या आधी पोचतो." आणि एवढं बोलून मारिसेलला माझ्या मांडीवर देऊन निघे. कोबी बांधलेला, पोर मोकळं. तो वाईट नव्हता. आमच्याकडे सगळेच तसं करत. आईचे हात हाच पट्टा, असं माझी सासू म्हणायची आणि आम्ही माना डोलवायचो.

या पिकअपवर वॉल्तेरचा डोळा आहे हे मला माहीत आहे. त्याने मला अदबीने 'दोन्या' म्हणत दोनदा विचारलं, "दोन्या सोराईदा, गाडी नुसती गंजतेय हो, मी फिरवू का?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. तर लिहून ठेवते: पिकअप वॉल्तेरला मिळावा, पण तादेओ बारा वर्षांचा झाल्यावर. या गाडीला मागचा बाक नाही, बाळाचं आसन बांधायला जागा नाही. तोवर गाडी नेफ्तालीच्या दुकानामागे उभी राहील. गंजली तर गंजू दे. गंजलेला पिकअप मी वरून बघू शकेन.

३. पतपेढीत माझी जी काही शिल्लक आहे, ती तादेओच्या आसनांसाठी आहे. 'आसनांसाठी' असं अनेकवचन मुद्दाम लिहिलं आहे, कारण पोर वाढतं आणि आसन वाढत नाही. आसन नवंच घ्यावं. कोणाच्या भाचीचं, "एकदाच वापरलेलं", "छोटासाच धक्का लागलेला" असलं घेऊ नये. आणि तादेओ पाठमोरा, म्हणजे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे करून बसेल. जितके दिवस मावेल तितके दिवस.

यावरून मारिसेलचं आणि माझं वाजलं. ती म्हणाली, "आई, त्याला पुढचं काही दिसत नाही गं. बिचारा कंटाळतो."

"कंटाळू दे. कंटाळ्याने कोणी मेलेलं ऐकलंयस?"

"पाय दुमडतात त्याचे!"

"झोपताना पायाचा अंगठा तोंडात घालतो, तेव्हा कोण दुमडतं त्याचे पाय? मानेचं बघ. पायाचं तो बघेल."

मग कोटाची गोष्ट. ही गोष्ट फक्त आमच्या खोऱ्यातल्या माणसांनाच कळेल. आम्ही उकाड्यात राहणारी माणसं. सेर्रोवर चढलो की थंडीने दात वाजतात, म्हणून घरून निघतानाच पोराला गुंडाळतो. टोपी, स्वेटर, फुगीर कोट, वर आजीची शाल. मग त्या सगळ्या गाठोड्यावरून पट्टा आवळायचा आणि स्वतःवर खूश व्हायचं. मागच्या आठवड्यात वॉल्तेरने अंगणात, त्याच्या स्वतःच्या छोट्या गाडीत, तसंच केलं. पट्टा ओढला आणि म्हणाला, "बघा दोन्या सोराईदा, मुंगीसुद्धा शिरणार नाही."

मी म्हटलं, "आता पट्ट्याला हात लावू नकोस. पोराला बाहेर काढ, कोट उतरव, आणि परत बसव."

त्याने हसत हसत केलं. कोटाशिवाय तादेओ त्याच पट्ट्यात बसला आणि पट्टा त्याच्या छातीवर झोपाळ्यासारखा लोंबत राहिला. माझी अख्खी मूठ आत गेली. वॉल्तेरचं हसू विरलं. तो आत जाऊन पाणी प्यायला. तो मनाने चांगला आहे, हे मी इथे लिहून ठेवते, कारण तोंडावर मी कधी म्हटलेलं नाही.

म्हणून अट: गाडीत कोट नाही. आधी पट्टा, मग पट्ट्यावरून पांघरूण. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून बघावा. चिमटीत आला तर ढिला आहे.

४. स्वयंपाकघर. चूल, पातेली, केळीच्या पानात बांधलेले मक्याचे तमाल वाफवायचा मोठा डेग मारिसेलला. काळ्या मुठीची छोटी सुरीही तिलाच, आणि ती सुरी रोज चालली पाहिजे. तादेओ आता हाताने उचलून खातो आणि मला त्याच्या समोर बसून घास मोजल्याशिवाय चैन पडत नाही. भाजीचं केळं पिकलेलं, उकडून, बोटाएवढे लांब तुकडे. चायोतेच्या भाजीच्या फोडी मऊ शिजवून. अवोकाडो, पण निसटू नये म्हणून मक्याच्या पिठात घोळवून. काळे घेवडे एकेक चेपून. द्राक्ष उभं चिरून, चार भाग. जे माझ्या अंगठ्याखाली चिरडत नाही ते त्याच्या हिरड्यांखालीही चिरडणार नाही. खाताना तो खोकला, लाल झाला, ओकारी काढली, तर किंचाळू नये आणि त्याच्या तोंडात बोटं कोंबू नयेत. त्याचं तो शिकतो आहे. तो एकदम गप्प झाला तर मात्र धावावं. मारिसेल, घास अडकला तर पोराला पालथं धरून पाठीत कशा थापा मारायच्या ते आरोग्य केंद्रातल्या नर्सने दाखवलं होतं, ते तू आणि वॉल्तेरने माझ्या जुन्या बाहुलीवर पुन्हा करून बघा. मला त्याच्या रडण्याची कधी भीती वाटली नाही. जेवताना घर गप्प झालं की माझं काळीज तोंडाशी येतं.

आणि धावत्या गाडीत काही खायला देऊ नये. बिस्किट नाही, भाकरीचा तुकडा नाही. पाठमोऱ्या पोराच्या घशात काय चाललंय ते पुढच्याला दिसत नाही. डोंगरमाथ्यावरच्या खानावळीत थांबा, गुळाचं गरम पाणी प्या, त्याला खुर्चीत ताठ बसवून भरवा, मग निघा.

५. माझी नणंद ओफेलिया बार्रांतेस. हिच्यासाठी दोन कलमं लागतील.

पहिलं मामोनचं. गेल्या महिन्यातल्या रविवारी ती मामोनची पिशवी घेऊन आली. ते लाल केसाळ फळ. आतला गर गोटीसारखा, बुळबुळीत, आणि पोटात बी. दर हंगामात रेडिओवर कुठल्या तरी पोराची बातमी येते. मी ताटं मांडत होते. वळून बघते तर तिने एक सोलून तादेओच्या मुठीत दिलेलं आणि मूठ तोंडाच्या वाटेवर. मी त्याचं मनगट धरलं. ताट फुटलं. पोर रडायला लागलं.

"अगं चोखू दे ना!" ओफेलिया म्हणाली. "माझी सहा पोरं मामोन चोखत मोठी झाली. एकालाही काही झालं नाही."

"ज्यांना झालं त्यांच्या आया अशा मिरवत नाहीत ओफेलिया. त्या घरात बसून असतात."

"तू ना, पोराला वाऱ्याचीसुद्धा भीती घालशील!"

ती पिशवी उचलून निघून गेली. तेव्हापासून ती फाटकाशी येऊन हाक मारते, पण आत येत नाही. माझी चांदीची जपमाळ, जी मुळात तिच्या आईची, तिला द्यावी. फुटलेल्या ताटाचा हिशेब मी सोडून देते.

दुसरं कलम सांगायला आधी सहा वर्षं मागे जावं लागेल. ओतोनिएल राजधानीच्या इस्पितळात वारला. आमच्यात माणूस गेलं की घरी आणून रात्रभर जागरण करायचं आणि दुसऱ्या दिवशी मातीत द्यायचं. थांबणं म्हणजे मेलेल्याचा अपमान. त्यामुळे दुपार कलत असताना, धुकं उतरत असताना, आम्ही शववाहिनीच्या मागे सेर्रोवर चढलो. वॉल्तेर गाडी चालवत होता. मी आणि मारिसेल मागे. पुढे ओफेलिया, तिच्या मांडीवर नातू ग्रेइविन, नुकता बसायला लागलेला, शालीत गुंडाळलेला. वळणावर मागचे दिवे नसलेला ट्रक उभा होता. वॉल्तेरने ब्रेक मारला. ओफेलियाने पोराला सगळ्या ताकदीने धरलं होतं, हे मी शपथेवर सांगते. तरी तो तिच्या हातातून, शालीतून, साबणासारखा सुटला.

ग्रेइविन वाचला. भुवईवरचा व्रण तेवढा राहिला. पण समोरची शववाहिनी धुक्यात निघून गेली आणि माझा नवरा पुढे एकटाच घरी पोचला. आम्ही दवाखान्यात पोराच्या कपाळाला टाके पडताना बघत बसलो. जागरणाला मी रडले ती ग्रेइविनसाठी; ओतोनिएलसाठी रडायला मला पुढे कितीतरी महिने लागले.

ओफेलिया त्याबद्दल आजवर चकार शब्द बोललेली नाही. मी त्याचा राग धरला होता. हा कागद लिहिताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली. त्या दिवसापासून ती सेर्रोवर गेलेली नाही. भाचीच्या लग्नालाही नाही. आणि कोणाच्याही गाडीत ती पोराला मांडीवर घेत नाही, "माझे गुडघे दुखतात" म्हणते. तिचे गुडघे ठणठणीत आहेत. जिना माझ्या आधी चढते.

६. आता शेवटचं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

ऑपरेशनमधून मी उठले तर हा कागद फाडावा आणि मला मागच्या बाकावर, तादेओच्या शेजारी बसवून घरी आणावं.

मी राजधानीत मेले तर मला सेर्रोवरून आणू नये. मी माझी माणसं ओळखते. "आईला आजच घरी न्यायचं" म्हणतील. डोळे सुजलेले, रात्रभर झोप नाही, बाहेर पाऊस आणि धुकं. घाईत कोणी म्हणेल, "राहू दे ते आसन, दे पोराला माझ्याकडे." आणि माझ्या प्रेतामागे माझं पोर जाईल. ही भीती मला पहाटे जागी करते. झडपेची नाही करत.

म्हणून मला राजधानीतच, जिथे जागा मिळेल तिथे पुरावं. नऊ दिवसांच्या प्रार्थना मात्र सान इसिद्रोच्या घरात व्हाव्यात. गुळाचं पाणी आणि तमाल द्यावेत. शेंगदाणे ठेवू नयेत, ते पाहुण्यांच्या हातून सांडतात आणि तादेओ जमिनीवरच असतो.

सान इसिद्रोच्या दफनभूमीत थडगी कपाटासारखी एकावर एक आहेत, त्यांतला ओतोनिएलच्या वरचा कप्पा माझ्यासाठी राखलेला आहे. सहा वर्षं मी दर सोमवारी तो कोरा दगड पुसते आहे. त्याच्याजवळ जायचं हे एकच ठरलेलं होतं माझं. तो कप्पा मी ओफेलियाला देते, हेच तिचं दुसरं कलम. ती डोंगराच्या या बाजूला मरेल, तिला आणायला कोणाला चढावं लागणार नाही. ओफेलिया, तुझा भाऊ आहे तो, दगड पुसत जा. आणि तुझे गुडघे बरे आहेत हे मला माहीत आहे, एवढंच सांगायचं होतं.

मारिसेल, मला पुरलं की त्याच दिवशी निघू नका. कुठेतरी झोपा. सकाळी, धुकं उठल्यावर निघा. तादेओचा कोट काढ. पट्टा आवळ, चिमटीत धरून बघ, पुन्हा आवळ. आणि वाटेत माझ्यासाठी रडू आलं, तर वॉल्तेरला गाडी बाजूला उभी करायला सांग, आणि मग रड.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि तो बदलायला मला कोणी भाग पाडू शकत नाही, मारिसेलसुद्धा.

सही: सोराईदा उमान्या फाल्लास

साक्षीदार:
एल्मिरा सोलिस कोर्देरो, शिवणकाम, शेजारीण (सहीजवळचा डाग तिच्या डोळ्यांतला आहे, शाईचा नाही)
नेफ्ताली अराया, दुकानदार

माझ्यासमोर: आर्नुल्फो सेग्रेदा, वकील व नोटरी

स्थळ: सान इसिद्रो दे एल हेनेराल
दिनांक: ११ सप्टेंबर २०२३