माझ्या गळ्याचा खर्ज

४ जानेवारी, सकाळी
एका आवाजाने जाग आली. सबंध वर्ग ओढ्याची कविता म्हणतोय, ‘झुळझुळ’ आलं की खिडकीच्या काचा थरथरतायत, आणि त्या सगळ्यांच्या वर माझा आवाज. स्वप्नच. वर्ग गेला, शाळा गेली, आवाज मात्र शाबूत. जरा बसलाय, एवढंच. थंडी आहे.
संकल्प : एप्रिलअखेर माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात अख्खी कविता, पुस्तक न बघता.

११ जानेवारी
नात आली. डॉक्टर होऊन भागलं नाही, आता कॅन्सरवर पीएचडी. अर्धा दिवस वॉर्डात, अर्धा लॅबमध्ये, जेवण उभ्याउभ्या. प्लास्टिकच्या बशांत कॅन्सरच्या पेशी वाढवते, त्यांना वेळेवर खाऊ घालते. आजोबांना फोन करायला मात्र सवड नाही.
म्हणाली, आजोबा, कविता म्हणा, रेकॉर्ड करते. घशाचा कॅन्सर आवाजावरून लवकर ओळखता येईल का, हा तिचा विषय. निरोगी नमुना म्हणून माझ्याहून चांगला कोण मिळणार! सूनबाईला तसं म्हटलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. हेवा, दुसरं काय.

१९ जानेवारी
नातीचा फोन. तुमच्या आवाजाचा आलेख ठीक नाही, उद्याच्या उद्या दुर्बीण घालून घसा बघू. मी म्हटलं, बाळा, याला खर्ज म्हणतात. मुरलेल्या गळ्यालाच लागतो. ती म्हणाली, खर्ज नाही हो आजोबा, गाठ असेल.
शिकाऊ डॉक्टरांचं असंच. जो धडा चालू, तो रोग सगळ्यांना. वर्गात उपमा शिकवली की पोरांना आठवडाभर सगळंच चंद्रासारखं दिसायचं.

२० जानेवारी
गेलो नाही. सराव होता.

१४ मार्च
नात तडक हॉस्पिटलमधून आली, अंगात ॲप्रन तसाच. रडली. घशातला तुकडा काढून तपासायचा म्हणते. त्यानंतर काही दिवस मौन. मेळावा तोंडावर आलेला! मेळाव्यानंतर नक्की, असा शब्द दिला. तर म्हणाली, मी रोज याच पेशी बघते आजोबा, त्या मेळाव्यासाठी थांबत नाहीत.
काय सुंदर वाक्य! गद्यातही लय आहे पोरीला. माझंच रक्त.

३० एप्रिल
मेळावा गाजला. दुसऱ्याच कडव्यात माइक बिघडला. माझ्या तोंडून नुसती हवा गेल्यासारखं ऐकू आलं म्हणे. मग सभागृहाने उभं राहून उरलेली कविता स्वतःच पूर्ण केली. इतके भारावले होते. काही जण डोळे पुसत होते. शेजारचे वकील दंडाला धरून म्हणाले, सर, आता घरी चला. त्यांना कवितेतलं काही कळत नाही.

१२ मे
तुकडा काढला. रिपोर्ट आला. नातीचे गाईड फार अदबीने बोलले. जानेवारीत आला असतात तर नुसत्या रेडिएशनवर भागलं असतं, आवाजही राहिला असता. आता स्वरयंत्रच काढायचं. जीव वाचेल बहुधा.
नात भिंतीकडे बघत होती. माझं मौन चालू, म्हणून तिला पाटीवर लिहून विचारलं, प्रबंधात माझा आलेख येणार ना? हो म्हणाली. पहिल्या पानावर? नाही आजोबा, उशिरा आलेल्यांच्या तक्त्यात.
दमलीय बिचारी.

१९ मे, संध्याकाळी
संकल्प : ऑपरेशननंतर रोज पहाटे श्वासाचे व्यायाम. गळा तयार असला की आवाज परततोच. बेताल पेशींना काय कळणार रियाज!
बेल वाजली. वाटलं, विद्यार्थी असणार, निरोप द्यायला आले. सदरा बदलून दार उघडलं.
अनोळखी गृहस्थ. गळ्याला रुमाल. त्यांनी खिशातून दाढीच्या मशीनसारखं काहीतरी काढून गळ्याशी धरलं, आणि डब्यातून यावा तसा आवाज आला, ना चढ ना उतार. नमस्कार सर, तुमच्या नातीनं पाठवलंय. हे ऑपरेशन झालेला माणूस, ज्याचं व्हायचंय त्याला आधी येऊन भेटून जातो, तशी पद्धत आहे आमच्यात. तुम्ही कविता म्हणता असं कळलं. मीही म्हणायचो. ऐकवू?
आणि उंबऱ्यातच त्यांनी सुरुवात केली. ओढ्याचीच. ‘झुळझुळ’ आलं. खिडकीकडे बघितलं. काचा गप्प.
‘आत या’ म्हणायला तोंड उघडलं. शेवटी हातानेच सांगितलं.