स्लीपरची टेबलं

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आईचा गुडघा काय म्हणतो?

इथे एका बड्या हॉटेलात सुतारकाम मिळालंय, पण नुसती शिसारी येते. तुम्ही तीस वर्षं गँगमन म्हणून राखलेली लाइन उखडली ना, तिच्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरांची मी जेवणाची टेबलं करतोय! गाड्यांच्या संडासातून त्यांवर काय काय पडायचं, ते मी तुम्हाला काय सांगू? रंधा मारला की तुमच्या कपड्यांना यायचा तोच वास सुटतो. मालक म्हणतो, "हा इतिहासाचा सुगंध!" आणि साहेबलोक नाक लावून हुंगतात.

काल मलाही तिथे जेवायला बसवत होते. पोट बिघडलंय म्हणालो.

ह्याच वासापायी स्टेशनमास्तर तुम्हाला बाकावर टेकू देत नव्हता ना, बाबा?

तुमचा धाकटा