तुटक्या पट्टीचा कस्तुर

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. आज लिहितेय ते आठवण आली म्हणून नाही, राग आला म्हणून. सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले आणि त्यांनी तुमची सही दाखवली. मागचा आंब्याखालचा कोपरा साफ करून तिथे पेव्हर ब्लॉक बसवायला तुमची संमती आहे म्हणे!

बाबा, तो कोपरा? जिथला पाचोळा तुम्ही झाडूवाल्या मावशींना कधी उचलू दिला नाहीत, तो?

उन्हाळा लागला की त्या पाचोळ्यात किडे टिपायला कस्तुर पक्षी यायचे. मला सगळे सारखेच दिसायचे. नारिंगी डोकं, राखी पाठ, गालावर दोन काळपट पट्ट्या. तुम्ही खेकसायचात, "सारखे? अगं, डोळे आहेत की बटणं? याची मागची पट्टी मधेच तुटलीये बघ. आणि त्याच्या पंखात एक पांढरं पीस आहे." मग वहीत एकेकाचा गाल काढत बसायचात. ओझरच्या विमान कारखान्यात जन्मभर पत्र्यावरचे ओरखडे शोधलेला माणूस! तुमच्या नजरेतून काय सुटणार?

कागद सुटला. वॉचमनदादांना विचारलं, तर म्हणाले, "ताई, मी दारात सह्यांची वही धरून उभा व्हतो. बाबा म्हनले, आन इकडं, तुला आजून चार मजले चढायचेत. चष्मा बी नाय लावला."

आपल्याकडे वही फिरते आणि सगळे न वाचता सह्या ठोकतात, मान्य. पण तुम्ही? पक्ष्याच्या गालासाठी तासभर दुर्बीण, आणि चार ओळींसाठी चष्मा नाही? नुसता संताप होतोय माझा. आणि भांडायला तुम्ही नाही!

सेक्रेटरी जाता जाता म्हणाले, "पक्ष्याचं काय एवढं, हा नाही तर दुसरा येईल." मी दार आपटलं.

दुपारी तो आला. ब्लॉकच्या ढिगाशेजारी उरलीसुरली पानं उलटत होता. मागची पट्टी मधेच तुटलेली. मी ओळखलं त्याला, बाबा, तुमची वही न उघडता! तुम्हाला मोठ्याने हाक मारली. मग आणखीच चिडले.

रविवारी मीटिंग आहे. तुमची वही घेऊन जाईन, एकेक गाल सगळ्यांना दाखवीन. माझ्या बाबांनी न वाचता सही केली, हे चारचौघांत सांगताना लाज वाटेल, तरी सांगेन. तो कोपरा मी जाऊ देणार नाही, हा माझा शब्द.

हे पत्र दोनदा वाचलंय. चष्मा लावून सही करतेय.

तुमची,
चारू